पोहणाऱ्या मुलांच्या पालकांना खुले पत्र: कारकीर्द अजून सुरू झालेली नाही

वयोगटाच्या स्पर्धांमध्ये पोहणाऱ्या मुलामुलींच्या पालकांनो,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बरेच जण मला चेहऱ्याने ओळखत असतील. लेनच्या टोकाशी पांढरा शर्ट घालून, एका हातात घड्याळ आणि दुसऱ्या हातात पॅड धरून उभा असतो, तो मी. आधी स्वतः स्पर्धांमध्ये पोहायचो, मग काही वर्षं शिकवलं, आता वेळ नोंदवतो. तलावाच्या तीन बाजूंनी हा खेळ बघून झाला. चौथी बाजू तुमची, गॅलरीतली. तिच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं.

सरळच सांगतो. तुमच्या मुलाची किंवा मुलीची पोहण्यातली कारकीर्द अजून सुरू झालेली नाही. दहाव्या, अकराव्या, बाराव्या वर्षी जे चाललंय ती फार तर तयारीची तयारी आहे. तुम्ही मात्र कारकीर्दच चालू असल्यासारखी मुलाच्या वेळांची वही मांडून बसता. त्या हिशेबापायी होतं असं, की खरी कारकीर्द सुरू व्हायची वेळ येते तेव्हा मूल पाण्यात उरलेलंच नसतं.

आधी वहीतल्या आकड्यांचं बोलू. स्पर्धेच्या दिवशी एखादे वडील टेबलापाशी येतात. "माझ्या घड्याळात अठ्ठावीस पॉइंट नऊ आलंय, तुम्ही एकोणतीस पॉइंट दोन कसं लावलंत?" चिडलेले असतात, पण खोटं बोलत नसतात. हातातलं घड्याळ नेहमीच जरा खुशामतखोर असतं. सुरुवातीचा आवाज कानावर पडून बोट दाबलं जाईपर्यंत क्षणभर जातोच. शेवटी मात्र मूल भिंतीकडे येताना दिसत असतं, त्यामुळे बोट आधीपासून तयार असतं. दोन्ही मिळून सेकंदाचे दोन-तीन दशांश तरी मुलाच्या पदरात फुकट पडतात. भिंतीवरच्या टचपॅडला, म्हणजे मुलाचा हात लागताच वेळ थांबवणाऱ्या पट्टीला, असली माया नसते. हे सगळं समजावून सांगितलं तरी वहीत आकडा जातो तो स्वतःच्याच घड्याळातला. पुढच्या स्पर्धेत टचपॅडची वेळ अर्थातच त्याहून जास्त दिसते, आणि घरी जाताना चर्चा सुरू होते की पोरगा मागे पडतोय. पोरगा होता तिथेच असतो, कदाचित थोडा पुढेच सरकलेला असतो.

हे तरी घड्याळाचं झालं. बारा वर्षांच्या मुलांची अंतिम फेरी एकदा गॅलरीतून न बघता ब्लॉकच्या, म्हणजे उडी मारायच्या ओट्याच्या, मागे उभं राहून बघायला मिळाली तर जरूर बघा. चौथ्या लेनमधल्या मुलाला मिसरूड फुटलेलं असतं, खांदे भरलेले, पावलं मोठ्या माणसाची. सहाव्या लेनमधल्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. गॉगलचा पट्टा सैल पडतो म्हणून मागे गाठ मारलेली असते. दोघांचं जन्मवर्ष एकच. कागदावर ते एकाच वयोगटात असतात, पण शरीराच्या घड्याळाने दोघांत दोन-तीन वर्षांचं अंतर सहज असू शकतं. मुलींची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांची चौदाव्याच्या आसपास, आणि दोन्हीकडे पुढेमागे व्हायला भरपूर वाव असतो. पोहण्यात उंची, हातांचा पल्ला, तळहात आणि पावलांचा आकार यांना फार महत्त्व आहे. चौथ्या लेनमधला जिंकतो, आणि जिंकावंच त्याने. पण त्या जिंकण्यात वाढलेल्या शरीराचा वाटा किती आणि पोहण्याचा किती, हे त्या दिवशी प्रशिक्षकालाही नीट सांगता येत नाही. तुम्हाला तर नाहीच.

पुढे काय होतं ते मी लेनच्या टोकाशी उभं राहून अनेकदा बघितलं आहे. सोळाव्या-सतराव्या वर्षी बाकीची मुलं उंचीने बरोबरीला येतात. तोवर चौथ्या लेनमधल्याला नुसत्या ताकदीवर भागत आलेलं असतं, त्यामुळे टर्न (भिंतीपाशी वळणं) ढिसाळ, पाण्याखालची डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारलेली लाथ) अर्धवट आणि श्वास घेताना मान उचलायची सवय तशीच राहिलेली. सहाव्या लेनमधला तांत्रिकदृष्ट्या त्याच्याहून चांगला पोहायचा. पण दर वेळी सातवा-आठवा येऊन कंटाळला आणि चौदाव्या वर्षीच तलाव सोडून गेला. दोन्ही घरांतल्या वह्या मात्र अगदी व्यवस्थित भरलेल्या असतात.

आता तुमच्यातलं कुणीतरी यू झिदीचं नाव घेईल, आणि घ्यायलाच हवं. २०२५ मध्ये सिंगापूरच्या जागतिक स्पर्धेत चीनची ही बारा वर्षांची मुलगी उतरली. २०० मीटर मेडले (एकाच शर्यतीत चारही स्ट्रोक), ४०० मीटर मेडले आणि २०० मीटर बटरफ्लाय, तिन्हींत चौथी आली. २०० मेडलेमध्ये पदक हुकलं ते सेकंदाच्या शंभरातल्या सहा भागांनी. ४ बाय २०० फ्रीस्टाइल रिलेच्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, पोहल्यामुळे कांस्यपदक तिच्याही नावावर लागलं. जागतिक संघटनेने चौदा वर्षांची अट घातलेली आहे, पण ठरावीक वेळ गाठली तर त्याहून लहान मुलांनाही दार उघडतं. ती त्या दारातून आली. आणि हे काही आजचं नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये डेन्मार्कच्या इंगे सोरेन्सनने बाराव्या वर्षी २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं कांस्य जिंकलं होतं. दोघींच्या मध्ये जवळजवळ नव्वद वर्षं गेली, तरी पोहण्यातल्या बारा वर्षांच्या पदकविजेत्यांची नावं घ्यायला एका हाताची बोटं पुरतात. झिदीचं पुढे काय होईल हे आज कुणीच सांगू शकत नाही. तिच्याकडे बघून तुमच्या घरातल्या मुलीचं वेळापत्रक आखायचं कारण मात्र मला दिसत नाही.

त्यापेक्षा अमेरिकेच्या केटी लेडेकीचे तीन आकडे शेजारीशेजारी लिहून बघा. ८०० मीटर फ्रीस्टाइल. २०१२, लंडन, वय पंधरा: ८:१४.६३ आणि सुवर्ण. २०१६, रिओ, वय एकोणीस: ८:०४.७९, सुवर्ण आणि विश्वविक्रम. २०२५ चा मे महिना, वय अठ्ठावीस: ८:०४.१२, पुन्हा विश्वविक्रम. म्हणजे पहिल्या चार वर्षांत जवळजवळ दहा सेकंद कमी झाले, आणि नंतरचे ०.६७ सेकंद कमी व्हायला जवळजवळ नऊ वर्षं लागली.

मला या तीन आकड्यांतला सर्वांत मोठा वाटतो तो शेवटचा. पंधराव्या वर्षी वेळ भराभर उतरते. शरीर वाढत असतं, प्रत्येक मोसमात काहीतरी पदरात पडतं, आईवडील खूश, प्रशिक्षक खूश. एकोणिसाव्या वर्षानंतर तसं काही उरत नाही. लेडेकी त्या काळात जगातली सर्वोत्तमच होती. ८०० मीटरचं सुवर्ण तिने टोकिओत घेतलं, पॅरिसमध्येही घेतलं. त्या एका शर्यतीत सलग चार ऑलिम्पिक. पण स्वतःच्या जुन्या वेळेपुढे ती सतत थोडी मागे होती. रोज पहाटे उठायचं, हजारो मीटर पोहायचं, आणि वर्ष संपताना हातात येणारा आकडा आपल्याच एकोणिसाव्या वर्षीच्या आकड्यापेक्षा वाईट. अशी वर्षांमागून वर्षं. चॅम्पियनची कारकीर्द म्हणजे मुख्यतः ही वर्षं. दर स्पर्धेत वेळ उतरलीच पाहिजे अशी ज्या मुलाला दहाव्या वर्षापासून सवय लावली, ते या वर्षांत टिकणार कसं? एका मोसमात आलेख सपाट झाला की त्याला वाटतं, संपलं.

स्वीडनच्या सारा शोस्त्रमचंही असंच. चौदाव्या वर्षी युरोपची विजेती, पंधराव्या वर्षी जगज्जेती आणि विश्वविक्रमवीर. एवढं असून पहिलं ऑलिम्पिक पदक मिळायला २०१६ उजाडलं. लंडनला १०० मीटर बटरफ्लायमध्ये ती चौथी आली होती. २०२१ च्या सुरुवातीला बर्फावर घसरून कोपर मोडलं, तरी त्याच वर्षी टोकिओत ५० मीटर फ्रीस्टाइलचं रौप्य. आणि पॅरिसमध्ये, तिसाव्या वर्षी, ५० आणि १०० मीटर फ्रीस्टाइल दोन्हींचं सुवर्ण. चौदा ते तीस या सोळा वर्षांत ज्या मोसमात हाती काहीच लागलं नाही, त्या मोसमात तिला कुणी "आता बस झालं" म्हटलं असतं तर?

अमेरिकेच्या मायकेल फेल्प्सचं नाव तर तुमच्या तोंडी कायमच असतं. "फेल्प्स रविवारीही पोहायचा" हे वाक्य गॅलरीत इतक्या वेळा ऐकलंय की आता कानाला सवय झाली. पोहायचा, खरं आहे. पण त्याच फेल्प्सचं पहिलं ऑलिम्पिक २००० सालचं सिडनी, तिथे तो पंधरा वर्षांचा होता, एकच शर्यत पोहला आणि पाचवा आला. अठ्ठावीस पदकं नंतरची. आणि रविवारची गोष्ट सांगणारे २००८ च्या बीजिंगमधली गोष्ट कधी सांगत नाहीत. २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम फेरीत त्याच्या गॉगलमध्ये पाणी भरलं, भिंत दिसेना, तेव्हा तो हात मोजत पोहला आणि विश्वविक्रम करून बाहेर आला. एका लांबीला आपले किती हात लागतात हे त्याला पाठ होतं. तुमच्या मुलाला त्याची पन्नास मीटरची सर्वोत्तम वेळ शंभरांशापर्यंत तोंडपाठ असते. पन्नास मीटरला हात किती लागतात, हे एकदा विचारून बघा.

उलट्या बाजूचं एक उदाहरण. अमेरिकेच्या राउडी गेन्सने स्पर्धेचं पोहणं सुरूच केलं सतराव्या वर्षी. १९८० च्या ऑलिम्पिकवर त्याच्या देशाने बहिष्कार टाकला, ती संधी गेली. १९८४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, तीन सुवर्णं. सगळ्यांनी सतराव्या वर्षी सुरुवात करावी असं मी म्हणत नाही. आज ते बहुधा जमणारही नाही. पण दहाव्या वर्षी पदक नसेल तर सगळं हातचं गेलं, या भीतीला काही आधार नाही.

आता सरावाबद्दल थोडं, कारण गैरसमज इथेच जास्त आहेत. मोसमाच्या मध्यावर मुलाची वेळ वाढली की तुम्ही प्रशिक्षकाला फोन करता. मोठ्या मुलांच्या बाबतीत ती वाढायलाच हवी. भरपूर मीटर, जिममधलं काम आणि अर्धवट झोप अंगावर असताना मूल शर्यतीला उभं राहतं. हात जड, पाण्याची पकड सुटलेली. मग मुख्य स्पर्धेच्या दोन-तीन आठवडे आधी सराव टप्प्याटप्प्याने कमी केला जातो, त्याला टेपर म्हणतात. नीट साधलेल्या टेपरने साधारण दोन ते तीन टक्क्यांनी वेळ सुधारते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण मिनिटभराच्या शर्यतीत ते सेकंद-दीड सेकंद झालं, म्हणजे आठव्या आणि पहिल्या क्रमांकातलं अंतर. थकलेल्या शरीराची वेळ आणि टेपर झालेल्या शरीराची वेळ एकाच रकान्यात लिहिली की वही खोटं बोलायला लागते. आणि त्या वहीच्या भरवशावर तुम्ही दर महिन्याच्या स्पर्धेसाठी टेपर मागता. दर महिन्याला टेपर करणारं मूल सराव करतं कधी?

मीटरचंही तेच. लांब पल्ल्याचे अव्वल जलतरणपटू आठवड्याला साठ-सत्तर किलोमीटरच्या घरात पोहतात, हे तुम्ही कुठेतरी वाचलेलं असतं. किलोमीटरला सहज सहाशे-सातशे हात पडतात. आठवड्याचे पन्नास किलोमीटर धरले तरी एकेका खांद्याच्या वाट्याला पंधरा हजारांवर फेऱ्या आल्या. मोठ्या माणसाचे स्नायू आणि सांधे वर्षानुवर्षं बांधून तयार केलेले असतात, तेव्हा कुठे ते हे सोसतात. तेही नेहमी नाही. अमेरिकेची मिसी फ्रँकलिन लंडनला सतराव्या वर्षी चार सुवर्णं घेऊन आली, पुढच्या वर्षी बार्सिलोनाच्या जागतिक स्पर्धेत सहा. २०१८ च्या डिसेंबरात, तेवीस वर्षांची असताना, खांद्यांच्या दुखण्यापुढे हात टेकून तिने निवृत्ती घेतली. दोन्ही खांद्यांवर शस्त्रक्रिया झालेली होती. अकरा वर्षांचं मूल "खांदा दुखतोय" म्हणालं तर त्याला आळशीपणा समजू नका. झोपतो कुठल्या कुशीवर, दप्तर कुठल्या खांद्याला लावतो, डोक्यावरून टी-शर्ट काढताना चेहरा वाकडा होतो का, हे घरी तुम्हालाच दिसणार. प्रशिक्षकाला ते दिसत नाही.

आणि खांद्याइतकं स्पष्ट न दिसणारंही असतं. अमेरिकेच्या सिमोन मॅन्युएलने रिओत १०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं होतं. २०२१ च्या ऑलिम्पिक निवड चाचणीत त्याच शर्यतीत तिला अंतिम फेरीही गाठता आली नाही. नंतर तिने सांगितलं, अतिसरावाचा विकार. झोप लागत नव्हती, जिने चढताना दम लागायचा, आणि विश्रांती घेतली तरी बरं वाटत नव्हतं. डॉक्टरांनी पाण्यातून बाहेर काढलं. पुढे ती कित्येक महिने तलावापासून दूर राहिली, परत आली, पॅरिसला रिलेचं रौप्य घेतलं. ती जगज्जेती असल्यामुळे तिला थांबवणारे डॉक्टर तरी होते. तुमच्या मुलीला थांबवणारं तुमच्याशिवाय कोण आहे?

मुलींबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण इथे मोठी माणसं सर्वांत जास्त नुकसान करतात आणि तेही हसत हसत. तेरा ते सोळा या वयात मुलीचं शरीर बदलतं. कंबर रुंदावते, वजन वाढतं, पाण्यातला तोल बदलतो. ज्या वेळा सहज येत होत्या त्या येईनाशा होतात, कधी वर्षभर, कधी दोन. हे नैसर्गिक आहे. नव्या शरीराने पोहायला ती नव्याने शिकते, तेवढा अवकाश मिळाला तर. पण नेमक्या त्याच वेळी कुणीतरी म्हणतं, "जरा जाड झालीस का गं?" कधी प्रशिक्षक म्हणतो, कधी आईच म्हणते. काही ठिकाणी सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभं करतात. मग ती ताटातलं कमी करते, सराव मात्र तेवढाच. शरीराला पुरेशी ऊर्जा मिळेनाशी झाली की पाळी लांबते किंवा बंद पडते, हाडं कमकुवत होतात, आजारपणं वाढतात, आणि वेळ सुधारायच्या ऐवजी आणखी बिघडते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून यावर तज्ज्ञांची निवेदनं काढली आहेत, त्यामुळे हे काही माझं टेबलावरचं मत नाही. पोहणाऱ्या मुलीची पाळी काही महिने आली नाही तर "खेळाडूंचं असंच असतं" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरकडे न्या. आणि तिच्या शरीराबद्दल तलावावर कुणी शेरा मारला तर त्या माणसाला बाजूला घेऊन गप्प करा. मग तो माणूस कितीही पदकांचा धनी असो.

शर्यतीच्या महागड्या घट्ट सूटबद्दल फार लिहीत नाही. दहा वर्षांच्या मुलीला तो चढवायला बाथरूममध्ये दोन बायका लागतात, तिच्या मांडीला वळ उठतात आणि हीटपर्यंत ती रडवेली होऊन जाते, एवढंच बघितलेलं सांगतो. अमेरिकेच्या संघटनेने २०२० पासून बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना असे सूट बंद केले. २००९ ला रोमच्या जागतिक स्पर्धेत पॉलियुरेथेनच्या सूटमध्ये ४३ विश्वविक्रम झाले आणि पुढच्याच वर्षी ते सूट बाद झाले. खुद्द मोठ्यांच्या खेळाला जे पचलं नाही, त्याची हौस लहानांवर कशाला?

आणि पदकं मिळाल्यानंतरचं? त्याचा तर गॅलरीत कुणी विचारच करत नाही. ऑस्ट्रेलियाच्या इयान थॉर्पने सतराव्या वर्षी सिडनीत तीन सुवर्णं घेतली, अथेन्सला दोन, आणि चोविसाव्या वर्षी निवृत्त झाला. नैराश्याशी आपली झुंज किशोरवयापासूनच चालू होती, हे त्याने पुढे स्वतः सांगितलं. फेल्प्स २०१४ मध्ये दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला, सहा महिन्यांची बंदी आली. त्या दिवसांत जगावंसंच वाटत नव्हतं, असं तो नंतर उघडपणे बोलला. अमेरिकेचा केलेब ड्रेसेल टोकिओतली पाच सुवर्णं गळ्यात असताना २०२२ ची जागतिक स्पर्धा अर्ध्यावर सोडून निघून गेला. ब्रिटनच्या अ‍ॅडम पीटीने २०२३ मध्ये मानसिक आरोग्यासाठी स्पर्धांपासून विश्रांती घेतली आणि पॅरिसला परत येऊन ०.०२ सेकंदाने सुवर्ण हुकवलं. ही शिखरावर पोहोचलेली माणसं. सगळ्यांची दुखणी सारखी नव्हती. पण लहानपणापासून ज्याला घरीदारी "आमचा पोहणारा" एवढीच ओळख मिळाली, त्याच्यावर पोहणं बिघडल्या दिवशी काय गुदरत असेल, याचा अंदाज यावरून करता येतो. पाहुण्यांसमोर मुलाची ओळख करून देताना त्याच्या सर्वोत्तम वेळेऐवजी दुसरं काही सांगता येतं का, एवढं आजच बघा. चित्र काढतो, भांडखोर आहे, काहीही चालेल.

तुम्ही विचाराल, मग आम्ही करायचं काय? माझं ऐकाल तर चौदा वर्षांपर्यंत वही बंद ठेवा. वेळा आमच्याकडे असतातच, हव्या तेव्हा मिळतील. मुलाला चारही स्ट्रोक पोहू द्या, मेडले पोहू द्या, अकराव्या वर्षी "हा बटरफ्लायवाला" असा शिक्का मारू नका. एका दिवसात सहा-सहा शर्यतींत नाव घालणं बंद करा. प्रशिक्षकाला वेळेबद्दल विचारण्याऐवजी विचारा की वर्षात विश्रांतीचे आठवडे किती, खांद्यांसाठी जमिनीवरचा व्यायाम कोणता, आणि टर्न कुठवर आला. या प्रश्नांनी चिडणारा प्रशिक्षक असेल तर दुसरा बघा. आणि शर्यत संपल्यावर मूल तुमच्याकडे येईल तेव्हा चूक सांगायची घाई करू नका. ती सांगायला प्रशिक्षक आहे, आणि बऱ्याचदा ती मुलाला आधीच कळलेली असते. त्याला टॉवेल द्या, खायला द्या, मित्रांबरोबर रिले बघू द्या.

शेवटचं, आणि तुम्हाला सर्वांत अवघड जाणारं. चौदाव्या-पंधराव्या वर्षी मूल एक दिवस म्हणेल, "मला सोडायचंय." घरात सुतक पडल्यासारखं करू नका. इतक्या वर्षांच्या पहाटा, फी आणि प्रवास त्याच्यापुढे मांडू नका. तो खर्च तुम्ही केलात, त्याने मागितला नव्हता. सोडून परत येणाऱ्यांची या खेळात कमी नाही. अमेरिकेच्या अँथनी अर्विनने २००० साली एकोणिसाव्या वर्षी ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण बरोबरीत जिंकलं, तीन वर्षांत खेळ सोडला, सुनामीग्रस्तांसाठी ते पदकही लिलावात विकलं. २०१६ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, त्याच शर्यतीचं सुवर्ण ०.०१ सेकंदाने परत मिळवलं. अमेरिकेचीच डारा टोरेस पहिलं ऑलिम्पिक पोहली १९८४ मध्ये. मध्ये अनेकदा थांबली, आई झाली आणि २००८ ला एकेचाळिसाव्या वर्षी तीन रौप्यपदकं घेऊन गेली. लिथुआनियाची रूटा मेलुटीटे पंधराव्या वर्षी ऑलिम्पिक विजेती झाली. २०१९ मध्ये तिने खेळ सोडला आणि डोपिंग चाचण्या चुकवल्यामुळे तिच्यावर दोन वर्षांची बंदीही आली. परत येऊन २०२३ मध्ये ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा २९.१६ चा विश्वविक्रम केला. २०२८ च्या लॉस एंजलिसमध्ये ५० मीटरच्या बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायच्या शर्यतीही ऑलिम्पिकमध्ये येत आहेत, म्हणजे तिशी ओलांडलेल्या स्प्रिंटरांना आता आणखी काम मिळालं.

तेव्हा मूल "सोडायचंय" म्हणालं तर मोसम संपेपर्यंत थांबायला सांगा. टेपर होऊन एक मुख्य स्पर्धा पोहू दे, कारण थकव्यात घेतलेला निर्णय बऱ्याचदा थकव्याचाच असतो. तरीही नको असेल तर सोडू द्या. तलावाचं सभासदत्व मात्र चालू ठेवा आणि त्याचा विषय काढू नका. काही मुलं सहा महिन्यांनी आपणहून पिशवी भरतात, काही वॉटर पोलोकडे वळतात, काही परत येतच नाहीत. परत आलं तर त्याच्या जुन्या वेळा त्याला दाखवायला जाऊ नका. पहिले दोन महिने त्या येणार नाहीत, आणि हे त्याला माहीत असतं.

आपला,
लेनच्या टोकाशी उभा असणारा एक टाइमकीपर